मोफत साधने आणि विज्ञान शिक्षकाचे कर्तेपण

प्रास्ताविक

विज्ञान शिक्षकाला आज साधने मिळत नाहीत, असे म्हणणे अवघड झाले आहे. पाठ्यपुस्तकातील सांकेतिक चौकोनावर भ्रमणध्वनी धरला की चित्रफीत उघडते. शेकडो प्रयोगांची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. आभासी प्रयोगशाळा मराठीतही आल्या आहेत. शाळांमध्ये विज्ञानाचे वातावरण निर्माण व्हावे म्हणून शासन लक्षावधी रुपयांची अनुदाने जाहीर करीत असते. एवढे सगळे असताना शाळेच्या कोपऱ्यातील विज्ञान-पेटी कुलूपबंद का राहते, हा प्रश्न आपण सहसा शिक्षकाच्या उदासीनतेवर ढकलून मोकळे होतो. हे उत्तर सोपे आहे. ते पुरेसे मात्र नाही.

या संदर्भात मराठीतील तीन शब्दांकडे प्रथम लक्ष वेधावेसे वाटते. 'फुकट' या शब्दात किंचित अवहेलना आहे. 'मोफत' या शब्दात देणाऱ्याचे औदार्य आहे. 'मुक्त' या शब्दात मात्र घेणाऱ्याचा अधिकार आहे. युनेस्कोच्या व्यासपीठावर २००२ मध्ये 'मुक्त शैक्षणिक साधने' या अर्थाची संज्ञा रूढ झाली, तेव्हा तिच्यात हा तिसरा अर्थ अभिप्रेत होता. साधन वापरण्याचा, बदलण्याचा, आपल्या वर्गाच्या मापाने बेतण्याचा आणि पुढे देण्याचा अधिकार, असा तो अर्थ होय. आपल्याकडे व्यवहारात उरला तो दुसरा अर्थ. साधन मिळाले, त्याची पोच दिली, काम संपले.

प्रयोगांची पुस्तके, शिक्षक-हस्तपुस्तिका, साहित्यसंच, अनुदान-योजनांच्या मार्गदर्शक सूचना हे सारे लेखनच आहे. परंतु त्याची समीक्षा होत नाही, फार तर उपयुक्ततेचे परीक्षण होते. प्रयोग किती, चित्रे कशी, भाषा सोपी आहे का, एवढेच पाहिले जाते. कादंबरीचा विचार करताना आपण तिच्यातील अध्याहृत वाचक शोधतो. त्याच रीतीने या लेखनातील अध्याहृत शिक्षक कोण, हे विचारता येईल. तो कर्ता आहे की केवळ हमाल? त्याच्याजवळ वेळ आहे असे लेखकाने गृहीत धरले आहे काय? आणि त्याच्या खिशातून किती पैसे जातील असे मानले आहे? प्रस्तुत लेखात तीन पुस्तकांचे आणि काही अनुदान-योजनांचे या दृष्टीने वाचन केले आहे. साधन मोफत असल्याने ते वर्गाचे होत नाही. शिक्षकाच्या हाती थोडा वेळ आणि थोडा पैसा हक्काने असेल तरच ते वर्गाचे होते, असे येथील प्रतिपादन आहे.

उद्ध्वस्त देशांसाठी लिहिलेले पुस्तक

अल्पमोली विज्ञान-साधनांच्या परंपरेचा आरंभ शोधत गेल्यास आपण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात पोचतो. शाळा बेचिराख झाल्या होत्या, उपकरणे नष्ट झाली होती. जे. पी. स्टीफन्सन या ब्रिटिश विज्ञान शिक्षकाने अशा उद्ध्वस्त देशांतील विज्ञान शिक्षकांसाठी सूचनांची एक पुस्तिका तयार केली आणि युनेस्कोने ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा उपयोग ज्या देशांवर बॉम्ब पडले त्यांच्यापेक्षाही, ज्या देशांत मुळातच प्रयोगशाळा नव्हत्या तेथे अधिक होईल असे दिसून आले. त्यातून १९५६ मध्ये युनेस्कोचा 'सोर्स बुक फॉर सायन्स टीचिंग' हा ग्रंथ सिद्ध झाला. वनस्पती, खडक, हवा, पाणी, उष्णता, चुंबकत्व, ध्वनी, प्रकाश अशा प्रकरणांतून शेकडो प्रयोग आणि ती करण्यासाठी लागणारी घरगुती उपकरणे यांचा तो कोशच होय. पुढे अमेरिकेत तोच मजकूर सर्वांसाठी सातशे प्रयोग अशा नावाने हौशी वाचकांच्या बाजारात आला. गरिबीसाठी रचलेले साधन संपन्न घरांत छंद म्हणून पोचले, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु या ग्रंथाच्या घडणीविषयी ती काही सांगूनही जाते.

या ग्रंथातील शिक्षक कुशल कारागीर आहे. त्याला पत्रा कापता येतो, काच तापवून वाकवता येते, तराजू जुळवता येतो. त्याचा आदर राखूनच लेखन झाले आहे. मात्र काय शिकवावे आणि का, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवलेलाच नाही. विज्ञान ठरलेले आहे, उणीव आहे ती फक्त उपकरणाची, असे या ग्रंथाचे गृहीतक आहे.

दुसरे गृहीतक अधिक सूक्ष्म आहे. रिकामा डबा, बाटली, दोरा, खिळा या वस्तू टाकाऊ असतात, म्हणून त्या विनामूल्य मिळतात, असे हा ग्रंथ मानतो. ज्या समाजात डबाबंद अन्न रोज खाल्ले जाते तेथे हे खरे आहे. आपल्याकडील खेड्यातील घरात मात्र पत्र्याचा रिकामा डबा कधीच टाकाऊ नव्हता. त्यात डाळ राहते, त्याचे माप होते, कडी लावून तो पाणी काढायला वापरतात. शाळेसाठी तो मागणे म्हणजे घरातील एक भांडे मागणे होय. टाकाऊपासून टिकाऊ ही आपल्या शाळांतील आवडती घोषणा उच्चारताना हा भेद ध्यानात ठेवलेला बरा. टाकाऊ काय हे देशाप्रमाणे बदलते आणि काळाप्रमाणेही.

होशंगाबादचा धडा

या विषयात भारताने जगाला दिलेला सर्वांत मोठा अनुभव म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे तेथील परिभाषेत सहावी ते आठवीच्या वर्गांत, १९७२ मध्ये त्याचा प्रारंभ झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये शासनाने तो संपूर्ण जिल्ह्यातील शाळांना लागू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली आणि इतर काही जिल्ह्यांतही तो नेला.

या कार्यक्रमाचे पुस्तक 'बाल वैज्ञानिक' हे होते. ते पाठ्यपुस्तकाच्या रूढ कल्पनेत बसत नाही. त्यात व्याख्या नाहीत, उत्तरे नाहीत. प्रयोगाची मांडणी आहे, त्यानंतर प्रश्न आहेत आणि निरीक्षण नोंदवण्याचे काम मुलांवर सोपवलेले आहे. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा होती. प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होती. शिक्षकाने "मला ठाऊक नाही" असे वर्गात म्हणणे हे त्याचे अपयश मानले जात नव्हते. उलट प्रशिक्षणातील ती पहिली पायरी होती. आपल्याकडील वर्गाची अधिकाररचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

विच्छेदनासाठी लागणाऱ्या सुया बाजारातून आणण्याऐवजी बाभळीचे काटे वापरले गेले, ही कथा या कार्यक्रमाविषयी नेहमी सांगितली जाते. ती काटकसरीची कथा म्हणून सांगितली जाते, हे मला अपुरे वाटते. काटा स्वस्त होता हे तिच्यातील दुय्यम अंग आहे. संचात दिलेली वस्तू बाजूला सारून आपल्या कुंपणावरची वस्तू तिच्या जागी बसवता येते, आणि तसे केल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, हे मुख्य अंग आहे. 'मुक्त' शब्दाचा नेमका अर्थ तेथे प्रत्यक्षात उतरला होता. त्यासाठी कोणताही परवाना छापावा लागला नाही.

ही मुक्तता हवेतून आली नव्हती, याकडे मात्र दुर्लक्ष होते. शाळांना साहित्यसंच मिळत होता आणि वापरून संपलेले, फुटलेले साहित्य पुन्हा भरून मिळण्याची व्यवस्था होती. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. कुठला प्रयोग फसला, कुठल्या प्रश्नाने वर्ग अडला, याची चर्चा तेथे होई आणि पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत ती उतरे. शाळांमध्ये पाठपुराव्यासाठी भेटी होत. उन्हाळी प्रशिक्षणात प्राध्यापक आणि गावातील शिक्षक एकाच टेबलावर तोच प्रयोग करीत. म्हणजे मोफत साधनामागे एक संपूर्ण यंत्रणा उभी होती आणि तिचा खर्च शिक्षकाच्या खिशातून होत नव्हता.

मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. देशातील अनेक वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, परंतु निर्णय फिरला नाही. येथे आपल्या प्रतिपादनाला एक दुर्मिळ पडताळा मिळतो. 'बाल वैज्ञानिक' आजही उपलब्ध आहे, विनामूल्य उतरवून घेता येते. प्रयोग तेच, प्रश्न तेच, चित्रे तीच. साधनात एका ओळीचाही फरक पडला नाही. तरीही ते ज्या शेकडो वर्गांत जिवंत होते तेथून ते एका आदेशासरशी उठले. बैठका गेल्या, संच भरणे थांबले, परीक्षापद्धती पूर्ववत झाली आणि पुस्तक केवळ वाचनीय झाले. वर्गाला तोलून धरणारी गोष्ट साधनाबाहेर होती, हे याहून स्पष्टपणे कुठल्याही पाहणीतून सिद्ध झाले नसते.

या कार्यक्रमाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. आठवीपर्यंत प्रश्न विचारायला शिकलेला मुलगा नववीत गेला की पुन्हा व्याख्या पाठ करण्याच्या जगात येत असे. पालकांची त्याबद्दलची काळजी अज्ञानातून आलेली होती, असे म्हणून ती झटकता येणार नाही. शिवाय ज्या कार्यक्रमाचा बौद्धिक कणा महानगरातील विद्यापीठांतून येणाऱ्या स्वयंसेवी वैज्ञानिकांवर उभा होता, तो सर्वत्र तसाच उभा राहील ही अपेक्षा फार मोठी होती. परंतु या मर्यादांमुळे मूळ मुद्द्याला बाध येत नाही.

खेळण्यातील विज्ञान

कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये पदवी घेऊन पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या कामात गेले. तेथील आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांच्या नजरेस पडली. तिचा तुकडा दोन आगकाड्यांना जोडतो, हा शोध वरवर पाहता क्षुल्लक आहे. त्यातून १९८७ मध्ये 'मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स' हे पुस्तक निघाले आणि अनेक भारतीय भाषांत गेले. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी काम केले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचा या शोधिकेच्या उभारणीत वाटा आहे. विनोदी लेखकाच्या पुस्तकांचे मानधन मुलांच्या विज्ञानाकडे वळले, ही मराठी वाङ्मयव्यवहारातील अभिमानाने सांगावी अशी घटना होय. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपली खेळणी, चित्रफिती आणि पुस्तके सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहेत.

या कार्याविषयी आदर बाळगूनही त्याची समीक्षा झाली पाहिजे, आणि ती खेळण्यागणिक झाली पाहिजे. काही खेळणी प्रश्न उघडतात, काही आश्चर्यावर संपतात. आगकाड्यांचा त्रिकोण पहिल्या प्रकारचा आहे. तीन काड्या जोडल्या की आकृती ताठ राहते, चार काड्या जोडल्या की चौकोन कलंडतो. मूल त्याला तिरपी पाचवी काडी घालते आणि तो स्थिर होतो. घराचे कैचीदार छप्पर, पुलाच्या तिरप्या पट्ट्या, विजेचा मनोरा हे सारे त्या पाचव्या काडीतून वर्गात येते. कुणी काही सांगण्याची गरज राहत नाही.

तरंगती पेन्सिल हे दुसरे लोकप्रिय खेळणे. पेन्सिलीवर दोन कडी-चुंबके बसवतात. खाली ठेवलेल्या चुंबकांच्या प्रतिकर्षणामुळे ती अधांतरी राहते, हलकी गिरकी दिली की फिरत राहते. वर्ग टाळ्या वाजवतो. बहुतेक ठिकाणी येथेच पाठ संपतो. वास्तविक खरा पाठ येथे सुरू व्हायला हवा. कारण पेन्सिल पूर्णपणे अधांतरी नसतेच. तिचे टोक समोरच्या उभ्या पट्टीला टेकलेले असते. ती पट्टी काढली की पेन्सिल झेप घेऊन चुंबकांना चिकटते किंवा घसरून पडते. चुंबक कसेही मांडून पट्टीविना ती तरंगवता येईल का? मुले तासभर खटपट करतील आणि हरतील. केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर असे स्थिर तरंगणे शक्य नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांच्या १८४२ मधील प्रमेयातून निष्पन्न होते. पट्टी काढून पाहण्याचा हा तास खेळण्यात नाही आणि चित्रफितीतही नाही. तो शिक्षकाजवळ असावा लागतो.

चित्रफितीची अडचण हीच आहे. एक-दोन मिनिटांत खेळणे तयार होते आणि पहिल्याच वेळी यशस्वी होते. वर्गात ते तिसऱ्या वेळी यशस्वी होते आणि तोवर तास संपलेला असतो.

टाकाऊच्या काळबद्धतेचे उदाहरणही याच कार्यात सापडते. एके काळी छायाचित्रणाच्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांपासून पंप तयार करण्याची कृती फार गाजली होती. फोटो स्टुडिओत अशा डब्यांचे ढीग पडलेले असत. अंकीय कॅमेरे आले आणि डब्या नाहीशा झाल्या. कृती छापील आहे, मोफत आहे, पण कच्चा माल उरला नाही. ज्या शिक्षकाला पंपाचे तत्त्व कळले आहे आणि बदल करण्याची मोकळीक आहे, तो औषधाची बाटली घेईल. ज्याला केवळ कृती मिळाली आहे तो थांबेल.

भाषेचा छुपा खर्च

मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आरंभीच्या काळात महानगरपालिकेच्या शाळांत काम केले. त्या कामात केंद्राचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञान शिक्षणातील भाषेच्या अडसराकडे आवर्जून लक्ष वेधले होते. तो मुद्दा मोफत साधनांच्या मराठी अवताराला अद्याप लागू पडतो. इंग्रजी मजकुरातील साधे भांडे मराठीत येताना 'चंचुपात्र' होते. शिक्षकाला वाटते, आपल्याकडे चंचुपात्र नाही, म्हणून हा प्रयोग होणार नाही. वास्तविक चहाचा काचेचा पेला चालला असता. अनुवादकाच्या एका संस्कृतप्रचुर शब्दाने प्रयोग महाग करून ठेवला. केंद्राच्या 'स्मॉल साइन्स' या प्राथमिक शाळेसाठीच्या मालिकेत, जिची संकल्पना जयश्री रामदास यांची आहे, मुलांच्या परिसरातील वस्तू आणि मुलांची बोली यांना जे स्थान मिळाले आहे ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते.

अंकीय साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. केंद्र शासनाचे 'दीक्षा' व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातील अनेक आभासी प्रयोग मराठीत वापरता येतात आणि ते दर्जेदार आहेत. अणुरचना किंवा वायूच्या कणांची गती यांसारखे डोळ्यांना न दिसणारे विषय त्यांनी सुलभ केले. परंतु आभासी परिपथात तार सैल नसते आणि विजेरी गंजलेली नसते. दिवा का लागला नाही, या प्रश्नावर खऱ्या वर्गात जे अर्धा तास विज्ञान घडते, त्याला तेथे अवकाश नाही.

अनुदानांचे व्याकरण

आता पैशाकडे वळू. अनुदान-योजनेचा मजकूर वाचताना त्याचे व्याकरण पाहावे. वाक्याचा कर्ता कोण आहे? खर्च कोण करतो? सही कोणाची?

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत असत. रक्कम किरकोळ होती. तिचे बहुतेक कार्डशीट, रंगीत कागद आणि थर्माकोल झाले, तपासणीच्या दिवशी भिंतीवर टांगण्यासाठी तक्ते झाले, अशी टीका झाली. ती खोटी नव्हती. तरीही त्या योजनेचे व्याकरण बरोबर होते. वाक्याचा कर्ता शिक्षक होता. काय घ्यावे हे तो ठरवीत होता. दुरुपयोग झाला तो कर्तेपणामुळे झाला नाही. काय घ्यावे याची चर्चा करायला होशंगाबादसारखी मासिक बैठक नव्हती, म्हणून झाला.

२०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला २५,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखून ठेवावे लागतात. उरलेल्यातून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू, नोंदवह्या असे सारे भागवायचे असते. स्वच्छतेला निदान दहा टक्क्यांचा हक्क आहे. विज्ञानाच्या प्रयोगाला त्यात हक्काचा एक पैसाही नाही. तो मुख्याध्यापकाच्या मर्जीवर आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या समजुतीवर अवलंबून राहतो.

दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानाने ती सुरू केली. निवडलेल्या शाळेसाठी २० लाख रुपये. त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालवणुकीसाठी. सपाट प्रदेशातील शाळेकडे १,५०० चौरस फूट जागा असावी अशी तिची अट आहे. संगणक, इंटरनेट, वीज, ग्रंथालय, पुरेसे गणित-विज्ञान शिक्षक यांचीही अपेक्षा आहे. हे अनुदान मिळण्यासाठी शाळेला आधी ते नसले तरी चालेल अशी शाळा व्हावे लागते, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. त्रिमितीय मुद्रणयंत्र आणि संवेदक यांना माझा विरोध नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शासकीय शाळांत पुढील पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे. शासकीय शाळांचा विचार झाला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र सातवीच्या वर्गात आम्ल-आम्लारीचा पाठ शिकवणाऱ्या शिक्षिकेला लिटमस कागद उद्या लागणार आहे. तिच्यासाठी या योजनेत वाक्यच नाही.

इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. विद्यार्थी कर्ता आहे, हे चांगले झाले. प्रत्यक्षात मांडणीचा भार शिक्षकावर पडतो, त्याचा उल्लेख मार्गदर्शनाच्या गौरवात होतो आणि निवड न झालेल्या चाळीस मुलांच्या वर्गात त्या पैशातील एक चुंबकही येत नाही. स्पर्धा-अनुदानांचा हा स्वभावच आहे. ती प्रदर्शन पोसतात, वर्ग पोसत नाहीत.

आणखी एक मजकूर समीक्षेच्या कक्षेत घ्यावा लागेल: शाळेतील जडसंग्रह नोंदवही. खरेदी झालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तीत चढते. वस्तू फुटली की कारण द्यावे लागते, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, समितीची मान्यता घ्यावी लागते. परीक्षानळी हातात घेतली की ती कधी तरी फुटणार, हे प्रयोगशाळेतील साधे सत्य आहे. लेखापरीक्षणाच्या भाषेत मात्र ते नुकसान ठरते. अशा वेळी विज्ञान-पेटी कुलपात ठेवणारा शिक्षक आळशी नसतो. त्याने नोंदवही नीट वाचलेली असते. साहित्य भरून देण्याची तरतूद आणि फुटण्याची मुभा या दोन गोष्टी होशंगाबादच्या कार्यक्रमात का होत्या, हे येथे उमगते.

वेळ

पैशाइतकाच वेळेचा प्रश्न आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे किमान ४५ तास आठवड्याला सांगितले आहेत आणि ते तयारीच्या तासांसह आहेत. म्हणजे पूर्वतयारी हे काम आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. त्याच परिशिष्टात प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार अध्ययन-अध्यापन साहित्य पुरवले जाईल असेही म्हटले आहे. शाळेच्या वेळापत्रकात मात्र तयारीच्या तासाला चौकट नसते. रिकामा तास दिसला की तो गैरहजर सहकाऱ्याच्या वर्गावर खर्ची पडतो. उरला तर माहिती भरण्यात जातो. विनामूल्य साधनाची किंमत शिक्षक अशी आपल्या वेळेने मोजतो. ती कुठल्याही हिशेबात येत नसल्यामुळे साधन मोफत दिसते.

महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. होशंगाबादच्या मासिक बैठकीचा सांगाडा आपल्याकडे आधीपासून उभा आहे. त्या परिषदेत परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे संकलन थोडे आटोपते घेऊन एक तास फसलेल्या प्रयोगांना दिला, तर त्याला नवे अनुदान लागणार नाही. संयुक्त अनुदानातील ठरावीक हिस्सा संपणाऱ्या विज्ञान-साहित्यासाठी राखणे, तो खर्च विज्ञान शिक्षकाच्या सहीने होणे आणि काचसामानाची वार्षिक तूट निर्लेखनाविना मान्य होणे, या तीन बाबींना लागणारी रक्कम एका टिंकरिंग प्रयोगशाळेच्या तुलनेत नगण्य आहे. त्यासाठी लागतो तो शिक्षकावरील विश्वास. आजवरच्या योजनांनी त्याचीच काटकसर केली आहे.

अध्यापक महाविद्यालयांनाही येथे आपला वाटा उचलता येईल. बी.एड.च्या पाठ टाचणात 'शैक्षणिक साधने' असा रकाना असतो आणि छात्राध्यापक त्यात चार नावे लिहून मोकळे होतात. त्याच्या शेजारी आणखी तीन लहान रकाने आखावेत: या साधनातील काय वापरून संपले, त्याला किती पैसे लागले आणि ते कोणी दिले. वर्षभराच्या टाचणवह्यांतून हे आकडे गोळा केले, तर मोफत साधनांचा आपल्या भागातील पहिला खरा हिशेब हाती येईल आणि अनुदानाची मागणी करताना अंदाजाऐवजी तो पुढे ठेवता येईल.